त्रेचाळिसावं पान

"हे घ्या सर, विमानातून आलेलं पुस्तक," असं म्हणत नाचणकरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. "उशीर झाला म्हणून आमच्या दौलतला दंड मात्र लावू नका हं."

शिकारकथांचं ते जाड पुस्तक मी लांबूनच ओळखलं. पाठीवरचं हिरवं कापड दौलतनेच चिकटवलेलं होतं. माझा हात आपोआप पुस्तकाच्या आत गेला. अंगठा त्रेचाळिसाव्या पानाच्या आसपास पोचलाही. मग नाचणकर समोर उभे राहून माझ्याकडे बघताहेत हे लक्षात आलं आणि मी हात काढून घेतला.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानाखेरीज आतल्या आणखी एका पानावर शिक्का असतो. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. एखाद्याने वाचनालयाची चांगली प्रत घरी ठेवून फाटकी प्रत परत आणून दिली, तर ते पान उघडलं की कळतं. प्रत्येक वाचनालयाचं पान वेगळं असतं. आमचं त्रेचाळिसावं. ते तिघांनाच ठाऊक होतं. अध्यक्षांना, मला आणि पुस्तकं बांधणाऱ्या दौलत भुवडला. दौलतला सांगावंच लागलं होतं, कारण कडा कापताना तो शिक्का तुटून चालत नाही.

देवघेवीला आलेलं प्रत्येक पुस्तक मी त्या पानावर उघडत असे. अठरा वर्षांत हे चुकलं नव्हतं. पण उघडून बघणं म्हणजे समोरच्या माणसावर संशय घेणंच की. साध्या सभासदांना वाटायचं, मी फाटलेली पानं बघतोय. नाचणकरांचं तसं नव्हतं. त्यांची नजर तीक्ष्ण. ते लगेच म्हणाले असते, "काय शोधताय सर?" आणि मला उत्तर सुचलं नसतं. त्यांनी आमच्या वाचनकक्षाला चार पंखे दिले होते. त्यांनी एवढ्या लांबून आठवणीने पुस्तक आणून द्यावं आणि मी त्यांच्यादेखत ते तपासावं, हे मला जमलं नाही.

"दौलत कसा आहे?" मी विचारलं.

"मजेत. चांगला जाडा झालाय. निघताना म्हणाला, साहेब, एवढं सरांच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, बायकोला काही नाही आणि सरांना पुस्तक!"

ते मोठ्याने हसले. दाराशी विलास धोपट उभा होता, तोही हसला. विलास म्हणजे दौलतचा मेहुणा. गावात रिक्षा चालवायचा. तेवीस-चोवीस वर्षांचा, सडपातळ, सतत काहीतरी गुणगुणणारा. अकरा दिवसांनी नाचणकरांची दुसरी खेप आखातात जाणार होती. सात जण होते आणि त्यात विलासचं नाव होतं.

"सर, माझा पाठ ऐका," विलास आत येत म्हणाला. "विमानतळावर कुणी विचारला, कुठे चाललास? तर सांगायचा, मामाकडे. कशाला? तर मामेबहिणीच्या लग्नाला. बराबर ना साहेब?"

"बरोबर. आणि हसायचं नाही."

"हसू नको तर काय करू? मला एकच मामा. तो चिपळूणला भांडी विकतो. त्याच्या तिन्ही पोरींची लग्ना झाली!"

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गांधेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "नोकरीला चाललास ना रे? मग लग्नाचं कशाला सांगायचं?"

"बाई, ती नुसती पद्धत आहे," नाचणकर शांतपणे म्हणाले. "तिकडे पोचल्यावर कागद बदलून मिळतात. सगळेच असं करतात."

त्यांनी हे माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान हलवली. मी मान का हलवली, हे आजही मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी खात्रीने बोलू लागलं की माझी मान हलते, एवढंच मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

मग मी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. ३ फेब्रुवारी १९९७. दौलतचं कार्ड शोधून त्याच्या खणात परत ठेवलं आणि पुस्तक कपाटात लावून टाकलं; ते गेल्यावर पान बघायचं राहूनच गेलं.

नाचणकर वर्षभरापासून गावात येत होते. मुंबईत त्यांचं ऑफिस आहे असं सगळे म्हणायचे, बघितलं कुणीच नव्हतं. अध्यक्षांच्या परवानगीने ते रविवारी आमच्या वाचनकक्षात मुलाखती घ्यायचे. वाचनालयात बोलावलं म्हणजे काम सचोटीचं असणार, असं लोकांना वाटे. इंग्रजी फॉर्म भरायला मी बसत असे. माझं अक्षर बरं आहे. ऑक्टोबरात गेलेल्या पहिल्या बारा जणांचे सगळे फॉर्म माझ्याच अक्षरात होते.

दौलत त्या बारा जणांत होता. एका हॉटेलात कोठीचं काम मिळणार होतं. त्याच्या कागदावर मी 'व्हिजिट' हा शब्द वाचला होता. मी नाचणकरांना म्हटलंही होतं, "हा पाहुण्यांचा परवाना दिसतो."

"सर, तुमचं इंग्रजी पुस्तकातलं," ते हसून म्हणाले होते. "ऑफिसातलं इंग्रजी वेगळं असतं."

मला ते पटलं. म्हणजे पटलं असं नाही, लाज वाटली. मी कधी मुंबईच्या पुढे गेलेलो नाही. मला काय ठाऊक?

निघायच्या आदल्या दिवशी दौलतची बायको सुगंधा वाचनालयात आली होती. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. चिकाने तिची बोटं कायम काळी असत. ती पायरीवरच थांबली. "भाऊ, कागद बराबर हाय ना? तुम्ही वाचलाव ना सगळा?"

"वाचलंय," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे."

दौलतने तेव्हाच ते शिकारकथांचं पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं होतं. "एक तरी पुस्तक असू दे सर. मीच बांधलेला हाय, लवकर सुटणार नाय."

चौदा फेब्रुवारीला सकाळच्या एस.टी.ने विलास आणि इतर सहा जण मुंबईला गेले. रात्रीचं विमान होतं. मी वाचनालय उघडत होतो. विलासने खिडकीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "सर, मामाला तुमचा नमस्कार सांगतो!" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

अठरा तारखेला गांधेबाई तेच शिकारकथांचं पुस्तक परत करायला आल्या. हाताला मिळेल ते पुस्तक नेणाऱ्या त्या एकट्याच.

"आठल्ये, तुमच्या दौलतचं काम बिघडलं की हो," त्या म्हणाल्या. "मागचा पुठ्ठा वाजतो. दाबला की कुरकुर करतो. पापड ठेवलाय की काय आत?"

मी पुठ्ठा दाबला. खरंच कुरकुरला. अस्तराचा कागद मध्ये किंचित फुगलेला होता.

दौलतची बांधणी वाजणं शक्य नव्हतं. तो मैद्याची खळ तासभर घोटायचा, किडीसाठी तिच्यात मोरचूद घालायचा आणि बांधलेलं पुस्तक दोन दिवस दगडाखाली ठेवायचा. मग माझ्या मनात आलं, हे आपलं पुस्तक नव्हेच. नाचणकरांनी बदललं. एवढा मोठा माणूस आणि पुस्तक बदलतो! मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, हे खरं सांगतो. चोरी पकडल्याचा थोडा आनंदही झाला.

गांधेबाई गेल्यावर मी त्रेचाळिसावं पान उघडलं.

शिक्का होता. आमचाच. आणि शिक्क्याच्या खाली पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले होते, शिवणीला अगदी लागून, बारीक अक्षरात.

'पुठ्ठा बघा.'

अक्षर दौलतचं होतं.

मी दार ओढून घेतलं. ब्लेडने मागचं अस्तर कापलं. आत खळ नव्हती, वाळलेला भात होता. भाताची शितं चेपून त्याने अस्तर चिकटवलं होतं, म्हणून ते कुरकुरत होतं. भाताखाली सिमेंटच्या पिशवीचा तपकिरी कागद चौकोनी घडी घालून ठेवलेला होता. मी तो उलगडला. टेबलावर ठेवून वाचला.

'सर, पुस्तक ज्या दिवशी तुमच्या हातात येईल त्याच दिवशी हा कागद तुम्हाला मिळणार, कारण तुम्ही त्रेचाळीस बघितल्याशिवाय पुस्तक खाली ठेवत नाही. म्हणून ही युक्ती केली. साहेब पुस्तक झटकून बघेल, पण पुठ्ठा फाडणार नाही.

इथे हॉटेल नाही. आम्हाला रस्त्याच्या कामावर लावलं आहे. पत्र्याच्या एका खोलीत बारा जण आहोत. बाहेरून कुलूप असतं. पहिल्या दिवशीच पासपोर्ट काढून घेतले. परवाना एका महिन्याचा होता, तो संपला. आता बाहेर पडाल तर पोलीस तुम्हालाच धरतील, असं सांगतात. पत्रं उघडून वाचतात. फोनवर मी मजेत आहे असं बोलतो तेव्हा शेजारी त्यांचा माणूस उभा असतो. पगार म्हणून काही मिळालेलं नाही. आमच्यातला कळंबटे पडला, त्याचा हात मोडला, त्याला औषध नाही.

साहेब दुसरी खेप आणणार आहे. त्यात विलास आहे असं बोलला. त्याला अडवा. सगळ्यांना अडवा. त्यांना आमच्याकडे नाही, आणखी आत वाळवंटात पाठवणार आहेत. तिथून फोनसुद्धा नाही.

सुगंधाला हळू सांगा.

खाली ठिकाणाचं नाव लिहिलं आहे. पाटीवर होतं तसं काढलं आहे.'

त्याखाली त्याने अरबी अक्षरं चित्र काढावं तशी काढली होती. आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी, तीही चित्रासारखीच.

समोर भिंतीवर नाचणकरांचा पंखा फिरत होता. पहिलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. तुम्ही त्रेचाळीस बघितल्याशिवाय पुस्तक खाली ठेवत नाही. हजारो मैलांवर कुलपात बसलेल्या माणसाने जगातल्या एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला होता, आणि ती गोष्ट म्हणजे माझी सवय. पंधरा दिवस ते पुस्तक गावात होतं, गांधेबाईंनी नेईपर्यंत माझ्या पाठीमागच्या कपाटात. त्यातले अकरा दिवस विलास गावात होता. रोज माझ्या दारावरून रिक्षा नेत होता.

मी धावत एस.टी.डी. बूथवर गेलो. नाचणकरांच्या मुंबईच्या नंबरवर कुणीच उचलेना. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एका बाईने उचलला आणि सांगितलं, ही शिवणकामाची शाळा आहे. नाचणकर म्हणून कुणी इथे नाही.

तिथून मी काजूच्या कारखान्यात गेलो. सुगंधा ओळीत बसून बिया फोडत होती. मला पाहताच ती उठली. मी याआधी तिथे कधी गेलो नव्हतो, त्यावरूनच ती समजली असावी.

"काय झाला? दौलत..."

"जिवंत आहे," मी म्हणालो. तोंडातून तेच आधी निघालं. हळू सांगायचं होतं आणि मी असं सांगितलं.

शेडच्या मागे जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसून मी तिला कागद वाचून दाखवला. ती रडली नाही. वाचून झाल्यावर तिने कागद मागून घेतला आणि काळ्या बोटांनी कडेला धरून नुसता बघत राहिली.

"विलासला कधी नेला? चवदाला ना?"

"हो."

"आन् हा पुस्तक कधी आला, भाऊ?"

हा प्रश्न येणार हे मला रस्ताभर ठाऊक होतं. उत्तरही ठरलेलं होतं. तीन तारखेला, असं सांगायचं. माझ्या हातून चुकलं, असं सांगायचं. मी तोंड उघडलं.

"आजच आलं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. "चार दिवस आधी आला असता तर विलास गेला नसता वो," ती म्हणाली आणि मग, तेव्हा, रडायला लागली. "माझ्या भावाचा नशीबच खोटा."

त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांत गेलो. पुस्तक मी नेलं नाही, फक्त कागद नेला. पोलिसांनी जबाबात लिहून घेतलं, पुस्तक नाचणकरांच्या एका अनोळखी माणसाने आज आणून दिलं. तेही मीच सांगितलं. कागद कुठल्या पुस्तकात होता, हे गांधेबाईंनाही कळू दिलं नाही. एक खोटं सांगितल्यावर दुसरं सांगावं लागतं हे मी शेकडो पुस्तकांत वाचलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. नाचणकरांकडे परदेशी कामगार पाठवायचा परवानाच नव्हता, हे पोलिसांकडून कळलं. नाचणकर हे त्याचं नावही नव्हतं.

दौलतने काढलेली अक्षरं मात्र खरी निघाली. गांधेबाईंच्या एका विद्यार्थ्याने, जो दिल्लीत सरकारी नोकरीत होता, तो कागद वकिलातीपर्यंत पोचवला. जुलैमध्ये बाराही जण परत आले. दुसऱ्या खेपेतले सहा जण पुढच्या वर्षी, एकेक करून आले. विलास आला नाही. तो दुसऱ्या एका मुक्कामावर नेला गेला होता, एवढंच ते सांगू शकले. त्या नावाचा कामगार कुठल्याच कागदावर नव्हता. कुठून असणार? कागदावर तो मामेबहिणीच्या लग्नाला गेलेला पाहुणा होता.

आज अठ्ठावीस वर्षं झाली. अजून त्याचा पत्ता नाही.

दौलत परत आल्यावर महिन्याभराने पुन्हा बांधणीला येऊ लागला, आणि सुगंधा सकाळी वाचनालय झाडायला. त्याचे केस पिकले होते, तळहातांना भेगा पडल्या होत्या, पण घोटलेली खळ तशीच गुळगुळीत. त्याने मला एकदाही काही विचारलं नाही. फाडलेल्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक त्याने पहिल्या आठवड्यातच दुरुस्त केलं आणि कपाटात लावलं. मी त्या कपाटाकडे जायचं टाळत असे. दर दिवाळीला ठरवायचो, दौलतला सांगून टाकायचं. दर दिवाळी निघून जायची.

दोन हजार नऊ साली मी निवृत्त झालो. नव्या ग्रंथपालबाईंना पुस्तकं मोजून द्यायची होती. दौलत एकेक पुस्तक काढून देत होता, मी दाखलनंबर वाचत होतो. हिरव्या पाठीचं पुस्तक हातात आलं. आता टाळता येत नव्हतं. मी मागचा पुठ्ठा उघडला, तारखांची चिठ्ठी बघायला.

चिठ्ठी नवी होती. पहिली तारीख सप्टेंबर सत्त्याण्णवची. त्याआधीचं काही नव्हतं. आमच्या वाचनालयात जुनी चिठ्ठी भरली तर नवी तिच्यावरच चिकटवतात, जुनी कधी काढत नाहीत. इथे जुनी काढलेली होती. पाण्याने भिजवून, कागदाला इजा न होऊ देता, अगदी निगुतीने.

"दौलत," मी म्हणालो. "ही चिठ्ठी?"

तो कपाटापाशी पाठमोरा होता. "बदलली मी."

"कधी?"

"आलो तेव्हाच. पुठ्ठा दुरुस्त केला तेव्हा."

म्हणजे त्याने वाचली होती. ३ फेब्रुवारी. माझ्याच हाताने मारलेला शिक्का. बारा वर्षं तो माझ्यासमोर बसून खळ घोटत होता आणि त्याला ठाऊक होतं.

मी विचारलं, "का बदललीस?"

त्याने पुढचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ हाताने पुसली आणि माझ्यापुढे ठेवलं.

"सुगंधा तेव्हा इथे झाडायला यायची, सर," तो म्हणाला. "तिला आकडे वाचता येतात."

मग त्याने दाखलनंबर वाचून दाखवला, कारण मी वाचत नव्हतो.

दौलत गेल्या वैशाखात वारला. सुगंधा आता वाचनालयाची सभासद आहे. नातीने तिला वाचायला शिकवलं. दर पंधरा दिवसांनी पुस्तक बदलायला येते आणि मी वाचनकक्षात बसलेला असलो तर थांबते. "भाऊ, बरं असेल असा पुस्तक सांगा," म्हणते. मी सांगतो.

हे लिहून झालं की सगळ्यांच्या आधी तिला वाचायला द्यायचं, असं मी ठरवलं आहे. याआधीही दोनदा लिहून झालं होतं.